दत्ता, तू प्यायला नव्हतास

दत्ता,

तुझ्या दहाव्याला नदीवर पिंडाशेजारी कुणीतरी क्वार्टर आणून ठेवली. झाकण उघडून, नीट. कावळा उंबरावर बसून होता आणि काही केल्या खाली उतरत नव्हता. तुझ्या भावकीतल्या एकाच्या डोक्यात आलं की आवडीची वस्तू दिसली तर येईल. चार-पाच जण तोंडावर हात ठेवून हसले. मंगेशनं मान खाली घातली. तुझ्या पोराची ती मान बघितली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणे आवडीची! तुला दारू आवडायची नाही, हे त्या घाटावरच्या माणसांत फक्त मला माहीत होतं. कारण पहिल्यांदा तुला ती पाजली मीच. आणि देवीपुढची शपथ तू मोडली नव्हतीस, हेही मला माहीत होतं. मोडली म्हणून गावभर झालं ते माझ्याच तोंडून झालं. हे बोलायला मला दहा दिवस लागले बघ. तू पेपरसुद्धा नुसते मथळे बघून बाजूला ठेवायचास, पण हे शेवटपर्यंत वाच.

आपली मैत्री पंधरा मिनिटांची. बावीस वर्षं, रोजची पंधरा मिनिटं. बॉयलरवर तुझी पाळी संपायची आणि माझी लागायची. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. दर सोमवारी पाळी बदलायची, पण तुझ्या मागे मी हे काही बदललं नाही. तू डबा धुवून तयार असायचास, मी बूट चढवत असायचो. तेवढ्यात आपण पोरांच्या शाळा, म्हातारीचं दुखणं, सायबाच्या नकला सगळं उरकायचो. बायकोला सांगितलं नाही ते तुला त्या पंधरा मिनिटांत सांगितलंय मी.

बाकीचे लोक लांबूनच 'चालू आहे सगळं' म्हणून सही ठोकून पळायचे. तू नाही. काचेच्या नळीतलं पाणी कुठवर आहे ते मला बोट लावून दाखवायचास, प्रेशरचा काटा दाखवायचास, मग लॉगबुकात 'चार्ज दिला' लिहून सही करायचास. शेजारी मी 'चार्ज घेतला' लिहून माझी करायचो. दोन सह्या झाल्या की तू मोकळा. बदलीचा माणूस, म्हणजे आपल्या भाषेत रिलिव्हर, आल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही, हा नियम सगळ्यांनाच होता. पाळणारा तू एकटा.

ती दरडीची आठवण आहे ना तुला? मी भोरला भाचीच्या लग्नाला गेलो होतो आणि येताना वरंध घाटात रस्ता बंद झाला. मोबाईल नव्हते तेव्हा. तीनला पोचायचा तो मी दुसऱ्या दिवशी उगवलो. तू माझी पाळी पण ओढलीस, सलग सोळा तास उभा. मला वाटलं, आता हा आईबहीण काढणार. तू एवढंच म्हणालास, "फीड पंप आवाज करतोय, लक्ष ठेव." आणि त्यानंतर कधी एका शब्दानं ते काढलं नाहीस. मी असतो तर वर्षभर ऐकवलं असतं.

आता ते सांगतो, जे तुझ्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तू महाडला पत्र्याच्या खोलीत राहत होतास आणि मंगेश तान्हा होता. मे महिना, तुझी तिसरी पाळी. रात्रभर बॉयलरवर जागायचं आणि दिवसा तापलेल्या पत्र्याखाली रडणाऱ्या पोराशेजारी झोपायचं. चार दिवस तुझ्या डोळ्याला डोळा नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी मी सातला आलो तर तू स्टुलावर बसलेला, डोळे उघडे, पण तू तिथं नव्हतास. काचेतलं पाणी खालच्या खुणेला टेकलं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं ते आपण दोघंही जाणून होतो. मी पंप लावला, पाणी वर आणलं, लॉगबुकात काही लिहिलं नाही. तू घामानं भिजला होतास. म्हणालास, "गण्या, माझ्याकडनं नाय होत आता."

आणि मी शहाणा! तुला म्हटलं, घरी गेल्यावर अर्धी क्वार्टर घशाखाली घाल आणि पड, मेल्यासारखा झोपशील. तुला दुकानात जायची लाज वाटत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून मीच आणून दिली. तू नाक दाबून प्यायलास म्हणे आणि वर कोकमाचं सरबत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपलास. पुढच्या सकाळी भेटलास तेव्हा चेहरा उजळला होता. माझा हात धरून म्हणालास, "देव हायस तू."

तो शब्द मला तेव्हा फार गोड लागला.

त्यानंतरही तू ती औषधासारखीच घेतलीस, हे मी कुणापुढंही सांगेन. फक्त तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात, सकाळी, नाक दाबून. बाकीचे दोन आठवडे वासालासुद्धा उभा राहायचा नाहीस. हळदीला पोरं आग्रह करायची तर तू सोड्याची बाटली धरून कोपऱ्यात. मी मात्र चवीनं प्यायचो, आणि साखर निघाली तशी चवीनंच सोडली. मला कुणी कधी दारुडा म्हटलं नाही. हा काय न्याय आहे, सांग.

तू माझ्या एक वर्ष आधी निवृत्त झालास. शाल, नारळ, आणि वर भिंतीवरचं घड्याळ. रात्रीचा दिवस करणाऱ्या माणसाला घड्याळ द्यायची बुद्धी कुणाची होती कुणास ठाऊक! तू पोलादपूरच्या वर आपल्या वाडीत घर बांधलंस, समोर अंगण, मागं काजू. म्हणालास, आता मरेपर्यंत झोपणार. सुनंदावहिनींनी जाड गादी भरून घेतली होती.

पण शरीराला कुणी शाल-नारळ दिला नव्हता. ते तसंच कामाला लागलेलं. सोमवार आला की तुझी पाळी बदलायची. मला फोन करायचास, "गणपत, ह्या हप्त्याला थर्ड लागली रे." मी खो खो हसायचो. मग तू वही घातलीस. दुरेघी वही, त्यात पट्टीनं रकाने: वेळ, हवा, झोप किती. तासातासाला नोंद, आणि खाली तुझी ती वळणदार सही. मी चिडवायचो, घराचा बॉयलर केलास की रे. तू हसायचास. झोपेच्या रकान्यात शून्यावर शून्य होती, ती मी बघितली आणि पान उलटलं.

वहिनी म्हणायच्या, अंथरुणावर पडले की छातीत धडधडतं म्हणतात, काहीतरी राहिलंय म्हणून उठतात. काय राहिलंय ते सांगता यायचं नाही तुला. पाणी बघायचं राहिलंय, असंच वाटत असेल. काच नाही, काटा नाही, मागनं येणारा माणूस नाही, मग चार्ज द्यायचा तरी कुणाला? आणि मग ते जुनं औषध निघालं. आधी आठवड्यातून एकदा. मग रोज सकाळी सातला. मग तीनला पण. मग अकराला पण. दारूच्या सुद्धा पाळ्या लावल्यास तू, दत्ता. पण त्यानंही झोप येईना, आणि न घेतली तर हात कापायला लागले.

एकदा महाडला आलास तेव्हा आपण चवदार तळ्याकाठी बसलो होतो. भर दुपारी तुझ्या तोंडाला वास येत होता आणि मला लोकांची लाज वाटत होती. मी तुला झाप झाप झापलं. शेतात जा, भजनाला जा, नातवाला खेळव, तुझं दुखणं सगळं रिकामपणाचं आहे. तू तळ्याकडं बघत म्हणालास, "कामावर असताना कशासाठी जागा हाय ते तरी कळायचं." मी म्हटलं, उगाच मोठं बोलू नकोस. तिथंच ते भांडण राहिलं. आज सांगतो, निवृत्तीपासून मीही पहाटेपर्यंत टीव्हीपुढं बसून असतो. आवाज बंद करून, सुनेला कळू नये म्हणून. आपल्या वयाची माणसं गुडघे चारचौघांत सांगतात, साखर सांगतात. झोप येत नाही, जीव घाबरा होतो, हे सांगायला आपली जीभ वळत नाही. त्या दिवशी तळ्यावर एवढं जरी बोललो असतो, की बाबा मलाही येत नाही, तर तुला किती बरं वाटलं असतं. पण मला उपदेश करायचा होता.

मग मंगेशनं मुंबईहून सांगून टाकलं, दारू सुटल्याशिवाय सुट्टीत पोराला गावी आणणार नाही. तू दोन दिवस जेवला नाहीस. वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं होतं, भावजी, तुम्ही बरोबर या, मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, डॉक्टर काय करणार, एक सोडवून दुसऱ्या गोळ्या लावणार. आपल्याकडं देवी काय कमी आहे?

गावदेवीपुढं नारळ ठेवला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, ह्या तुझ्या लेकराला वाटेवर आण म्हणून. नारळावर हात ठेवायच्या आधी तू मला जरा बाजूला घेतलंस. म्हणालास, "एकदम बंद? थोडी थोडी करून नाय का चालणार? माझं मला माहीत हाय रे."

मी म्हटलं, "शपथ अर्धी नसते, दत्ता."

चारचौघांत केवढा रुबाब वाटला मला त्या वाक्याचा. तू माझ्याकडं बघितलंस आणि हात ठेवलास. माझं नेहमी ऐकलंस तू.

तिसऱ्या दिवशी दुपारी बरोबर तीनला तुझा फोन आला. जीभ जड, शब्द एकमेकांवर पडत होते. मध्येच कुणाशी तरी दुसरंच बोलत होतास. म्हणालास, "गणपत, येतोस काय? रिलीव्ह कर रे मला." मी विचारलं, "घेतलीस ना?" तू म्हणालास, "नाय रे, आईशप्पत..." मी पुढचं ऐकलंच नाही, फोन कापला. तिडीक गेली होती डोक्यात. देवीपुढं माझं तोंड काळं केलंस असं वाटलं. माझं! त्याच तिडिकीत मंगेशला फोन लावला आणि सांगितलं, तुझ्या बापानं तीन दिवसांत शपथ मोडली. मंगेशनं काकाला विचारलं, काकानं आणखी कुणाला. दिवस मावळायच्या आत वाडीभर झालं.

महाडहून पोलादपूरला यायला किती वेळ लागतो? जीप भरली की अर्धा तास, वर वाडीपर्यंत आणखी थोडा. मी आलो नाही. बोलून टाकल्यामुळं मन हलकं झालं होतं, म्हणून आडवा झालो. किती दिवसांनी मला त्या दुपारी गाढ झोप लागली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी तुला झटका आला. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून महाडच्या दवाखान्यात आणलं. मला सकाळी कळलं. धावत आलो तेव्हा तू गेला होतास आणि डॉक्टर वहिनींना विचारत होते, कधीपासून बंद केली होती? वहिनी म्हणाल्या, आज चौथा दिवस. एकदम? एकदम. तो डॉक्टर तरुण पोरगा होता, रागावला नाही. हळू आवाजात म्हणाला, इतक्या वर्षांची असेल तर घरी अशी एका दिवसात तोडायची नसते, शरीर सहन करत नाही. भरती करून, औषधं देऊन उतरवावी लागते. थरथर, भास, बोलण्यातला गोंधळ, हे सगळं न पिण्यामुळंच होतं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. तू प्यायला नव्हतास.

माझ्या शब्दाला मान देऊन कोरडा राहिलास, म्हणून गेलास. हे मला त्याच क्षणी कळलं, दत्ता, आणि तरी मी गप्प बसलो. तुला वाडीवर नेलं, मी गप्प. लोक म्हणत होते, देवीची शपथ मोडली, देवी सोडते काय? मी चहाचा कप धरून ऐकत होतो. मंगेश बापाच्या फोटोकडं बघेना, तरी मी गप्प. भित्रा आहे मी, तुझ्यासारखा नाही.

आठव्या दिवशी वहिनींनी ती वही माझ्यापुढं ठेवली. दहाव्याला ती मी शर्टाच्या आत घालून नेली होती. ती बाटली बघेपर्यंत बोलायचं की नाही ते ठरत नव्हतं. बघितली आणि पुढं होऊन उचलली. मग माझ्या जुन्या, बॉयलरवरच्या आवाजात, जो वाफेच्या वरून ऐकू जायचा, सांगितलं की दत्तानं शपथ मोडलेली नाही. मी खोटं सांगितलं होतं. दारूची सवय पण मीच लावली होती, आणि डॉक्टरला दाखवू नका म्हणणारा पण मीच. आणि वही उघडून तुझी शेवटची तीन पानं वाचली.

पहिल्या दिवशी लिहिलंस, शपथ, बंद. झोप शून्य. दुसऱ्या दिवशी, हात थरथर, घाम, पाणी उलटून पडतं, झोप शून्य. तिसऱ्या दिवशी अक्षर ओळीवर राहिलेलं नाही. भिंतीवर मुंग्या. सुनंदा म्हणते मुंग्या नाहीत. मग: दुकानापर्यंत गेलो, परत आलो, घेतली नाही. मग: तीन वाजता गणपतला फोन. रिलिव्हर आला नाही. जागा सोडली नाही.

मला पुढं वाचवेना. मंगेश उठला, वही माझ्या हातातून घेतली आणि तिथंच नदीच्या वाळूत बसून लहान पोरासारखा रडला. त्या गडबडीत पिंडाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. बघितलं तर एक बाजू खाल्लेली. कुणी म्हणालं कावळा शिवला, कुणी म्हणालं कुत्र्यानं तोंड लावलं. मला कुत्राच वाटतो. कावळा शिवावा म्हणून मी काही वचन-बिचन दिलं नव्हतं.

तुझ्या घरी आल्यावर वहिनींच्या पुढं बसलो. म्हटलं, वहिनी, काय शिक्षा द्यायची ती द्या. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भावजी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं सगळ्यांना, ह्यांनी थेंब घेतला नाय म्हणून. पण बायको पांघरूण घालते म्हणाले. तुमचा फोन आधी गेला हुता ना." एवढंच. मग विचारलं, जेवून जाणार काय.

मंगेशनं वही दुसऱ्या दिवशी मला परत दिली. काका, तुमच्याकडं असू दे, म्हणाला. मी उद्या त्या तरुण डॉक्टरकडं जाणार आहे, माझ्या झोपेचं सांगायला. सुनेला बरोबर घेऊन जाणार आहे. तुझ्यामुळं निदान तेवढं तोंड उघडलं, त्याचे उपकार मानायलाही आता तू नाहीस.

त्या शेवटच्या पानाखाली तू नेहमीसारखे दोन रकाने आखले आहेत. डावीकडं 'चार्ज दिला'. अक्षर पार मोडलंय, पण सही तुझीच आहे, वळणासकट. उजवीकडचा रकाना रिकामा आहे. पेन घेऊन मी रोज बसतो. पण घेणारा सही करतो तेव्हा देणारा समोर उभा लागतो, दत्ता, हे तूच मला शिकवलंस.